उंबऱ्यावरचा सलाम

शहापूरला आमच्या शेजारी नेव्हीतून रिटायर झालेले एक गृहस्थ राहत. पुढे ते अख्ख्या आळीचे लाडके आजोबा झाले. माझे मात्र भावोजीच. समुद्र इथून लांब, तरी पेजेत मीठ कमी पडलं की म्हणायचे, "वहिनी, आज ओहोटी हाय."

आमच्या घरात शिरताना ते उंबऱ्याशी थांबून कडक सलाम ठोकत. मी तेव्हा नवी सून, रूपाचा भारी गर्व! मला वाटलं, सलाम मलाच. त्यांची चाहूल लागली की मी चूल सोडून, पदर सावरून दारात उभी. एकदा तर केसांत अबोली माळून. आतून नवरा ओरडायचा, "भात करपला गो!" करपू दे.

असं वीस वर्षं चाललं. मग एक दिवस ते बकऱ्यांच्या खोपटात शिरताना दिसले. तिथेही तोच कडक सलाम.

"भावोजी, बकरीला पण?"

"बकरीला नाय, वहिनी. जहाजावर चढताना जहाजाला सलाम करायचा असतो. उंबरा दिसला की ती सवय सुटत नाय."

म्हणजे वीस वर्षं मी जहाजाच्या वाटणीच्या सलामावर लाजत होते!

परवा त्यांच्या तेराव्याला गेले. सलाम ठोकणारं माणूस आता नव्हतं, म्हणून की काय, उंबऱ्यावर माझाच हात कपाळाला गेला. समोर मुरबाडहून आणलेली त्यांची नवी नातसून उभी होती. पोरगी लाजून पदर सावरत म्हणाली, "आजी, मला कशाला हो?"

"तुला नाय गो, जहाजाला," अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. तिलाही मिळू देत वीस वर्षं.