फेटेकाका आणि रेवाचा ताशा

रेवावर अन्याय झाला. गेल्या ऑक्टोबरात, बर्मिंगहॅममधल्या आमच्या भागातल्या फुटबॉल मैदानावर, पहिला हाफ संपल्याची शिट्टी वाजली आणि शनिवारच्या मराठी शाळेचं ढोलपथक आत शिरणार, नेमकं तेव्हा. तो केला फेटेकाकांनी, ज्यांचा मला आजही राग येतो आणि, काय करणार, आठवणही येते.

फेटेकाका म्हणजे पथकप्रमुख. पुण्याहून व्हिसावर आलेले, बँकेत मॅनेजर. प्रत्येक पोराचा फेटा ते स्वतः बांधत, तोंडात पिना धरून. "हलू नकोस रे, मान आहे की पंखा?" तो फेटा वादळातही सुटला नसता. वाजवायला मात्र पोरांना शिकवलं ते रेवानं. दहावीच्या वयाची, इथेच जन्मलेली, ताशा गळ्यात आला की कुणाच्या बापाचं न ऐकणारी.

काकांचं लाडकं वाक्य होतं, "आवाज विरतो, फोटो राहतो." त्यामुळे निम्मी तालीम रांगा सरळ करण्यात जाई. त्यांना ढोल ऐकू येत नसे, दिसत असे. तालमीच्या हॉलशेजारच्या गोऱ्या आजी आवाजाची तक्रार घेऊन आल्या, तेव्हा काकांनी त्यांना खुर्ची दिली, चिवडा दिला. पुढच्या शनिवारी आजी स्वतःहून हजर! अशा माणसावर चिडायचं तरी कसं?

तरी चिडायलाच हवं. ताशा इशारा देतो आणि त्यावर ढोल वळतात, थांबतात. म्हणून ताशा पुढे. हे आमच्या पथकातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी काकांनी मैदानाकडे डोकावून पाहिलं, समोर मोठा कॅमेरा दिसला आणि त्यांच्या अंगात फोटोग्राफर संचारला.

"रेवा, तू मागे जा. आर्यन, तू पुढे ये."

आर्यन शाळेच्या अध्यक्षांचा मुलगा. उंच, गोरा, तालाशी भांडण असलेला.

"काका, सीरियसली? मागून माझा ताशा कोणाला ऐकू येणार?"

"अगं बाळा, तुझी उंची केवढीशी! ढोलांच्या आड गेलीस तर काय बिघडतंय?"

"मग ढोल थांबणार कसे?"

"थांबतील गं. प्रोफेशनल रहा!"

थांबले नाहीत. पुढची रांग आर्यनकडे बघत थांबली, मागची रेवाबरोबर वाजवत राहिली, मधली कुणाचं ऐकावं म्हणून एकमेकांवर आदळली. ध्वज घेतलेला पोरगा एकटाच गोलपोस्टपर्यंत गेला. प्रेक्षक खो खो हसले.

संध्याकाळी ग्रुपवर काकांनी फोटो टाकले. रांगा सरळ. खाली लिहिलं, "ऐतिहासिक! रेवाचा ताशा जरा चुकला, लहान आहे, समजून घ्या." त्यावर अंगठे, हृदयं, हात जोडलेले. "चूक जागेची होती, रेवाची नाही," असं मी लिहिलं, तर अध्यक्षांनी उत्तर दिलं, "आनंदाच्या प्रसंगी वाद नको." रेवा त्यानंतर तालमीला आली नाही.

जानेवारीत काकांची बदली झाली. निरोपाला त्यांनी मला मिठी मारली, कानात म्हणाले, "ती पोरगी यायला हवी होती गं." मी म्हटलं, "मग फोन करा ना तिला." ते घड्याळाकडे बघत टॅक्सीत बसले. विमानतळावरचा त्यांचा फोटो छान आला होता.

काका गेले, पण त्या फोटोंना अंगठे देणारे तुम्ही इथेच आहात. येत्या शनिवारी सगळ्या पोरांसमोर म्हणा, "रेवा चुकली नव्हती." त्याआधी तिच्या घरी जा, तिची माफी मागा आणि पहिल्या रांगेत उभं राहायला तिला बोलवा.