चित्रे आणि मिशा

पुस्तक प्रदर्शनात एक वृद्ध चित्रकार आपल्या जुन्या कॉमिक्सवर सह्या देत बसले होते. रांगेतला जो तो आपला अंक प्लास्टिकच्या पिशवीतून तान्ह्या बाळासारखा बाहेर काढी आणि एकच विनंती करी, "माझं नाव नको, नुसती सही." नाव पडलं की विकताना भाव उतरतो म्हणे. बेवारस सहीला मोल जास्त, हे मला नवीनच होतं.

माझ्या पुढच्या बाईंचा अंक मात्र फाटका होता, आणि त्यातल्या राजकन्येसकट सगळ्यांना पेनाने मिशा काढलेल्या होत्या. मागचे एक संग्राहक कळवळले. "अहो ताई, ही रद्दी झाली. हिच्यावर सही घेऊन काय उपयोग?"

चित्रकारांनी पानं उलटली. "मिशा कुणी काढल्या?"

"माझ्या भावाने, दिलीपने. मागच्या वर्षी गेला तो."

ते राजकन्येकडे बघत राहिले. "शोभतात हो हिला," म्हणाले. मग पहिल्या पानावर, जिथे चित्रकार म्हणून त्यांचं नाव छापलं होतं, तिथे सही केली आणि खाली लिहिलं, 'मिशा: दिलीप.'

सहीने किंमत वाढते का, मला ठाऊक नाही. इतकी वर्षं त्या अंकावर एकट्याचं नाव होतं, आता दोघांचं झालं, एवढं खरं.

संग्राहकांनी घसा खाकरला. "ताई, द्यायचाय का हा अंक?"

बाई ओल्या शाईवर हळूहळू फुंकर घालत होत्या. त्यांना ऐकूच गेलं नाही.