कागदावरची सत्तरी

उत्तम गेल्याचं मला कमलवहिनींनी सकाळी फोनवर सांगितलं. "भाऊजी, मास्तर गेले," एवढंच. नवऱ्याला त्या आयुष्यभर मास्तरच म्हणत आल्या. कधी, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, पहाटे, झोपेतच. मे महिना अर्धा सरला होता. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आधी दुःख आलंच नाही... मनात आलं, फक्त पंधरा दिवस राहिले होते. लाज वाटावी असा विचार आहे हा. पण शेवटचे पाच महिने आम्ही दोघं एक जूनच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो.

उत्तम आणि मी चुडाव्याजवळच्या एकाच गावचे, एकाच वर्षी जन्मलेले. तो बौद्धवाड्यातला, मी पाटलांच्या आळीतला. आम्हाला शाळेत नेलं ते एकाच दिवशी. त्या काळी गुरुजी वयाचा दाखला मागत नसत. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. माझा हात पोचला, उत्तमचा पोचला नाही. "अजून लहान हाय, पुढं बघू," म्हणून गुरुजींनी त्याला परत लावलं. दोन वर्षं तो शेरडांमागं फिरला. मग त्याच्या वडिलांनी त्याला पुन्हा हाताला धरून आणलं, तेव्हा गुरुजींनी नुकतीच सहा पूर्ण झाली असं धरून एक जून ही तारीख टाकली, जशी आम्हा सगळ्यांनाच टाकली होती. माझ्याबरोबरचा माणूस कागदावर माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा झाला तो असा. त्याचा हात खरंच पोचला नव्हता, की गुरुजींनाच त्याला घ्यायचं नव्हतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायला अख्खं आयुष्य होतं.

तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला, बरीच वर्षं चारठाण्याला होता. मी सेलूच्या बाजार समितीत कारकून. मी रिटायर झालो, त्यानंतर दोन वर्षांनी तो झाला आणि सेलूलाच घर बांधून राहिला. मी चिडवायचो, "तुझं बरं हाय गड्या, आखूड हातावर दोन वर्षं जास्त पगार खाल्लास." तो म्हणायचा, "दोन वर्षं शेरडं राखली की, त्याचा पगार हाय तो." स्वभावानं लय चिवट. कसलाही कागद असो, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सही करायचा नाही. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज त्यानंच भरलेले.

रिटायर झाल्यावर त्यानं एका खाजगी कंपनीची आरोग्य पॉलिसी घेतली होती. हप्ता दरसाल वाढत गेला. मागच्या पावसाळ्यात नवीन हप्त्याचा कागद आला, तो घेऊन तो माझ्याकडे आला. मी नुकतंच सत्तरीपुढच्यांचं सरकारी कार्ड काढलं होतं, फुकटात, आणि त्या गुर्मीत होतो. म्हणालो, "कशाला भरायलास? आपण सत्तरी ओलांडली की. सोड ती अन् हे कार्ड काढ." आपण, म्हणालो मी. आणि इतका चिकित्सक माणूस, पण माझ्याजवळ बसला की तो माझ्याच वयाचा असायचा, त्याला त्या वेळी तरी दुसरं काही आठवलं नाही. हप्त्याची तारीख त्यानं जाऊ दिली, नंतरची सवलतीची मुदतही जाऊ दिली. दसऱ्यानंतर आम्ही कार्ड काढायच्या सेंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी त्याचा अंगठा घेतला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, वय एकोणसत्तर दावायलंय. जून लागू द्या, मग निघतंय." बाहेर आल्यावर तो इतका हसला की धाप लागून पायरीवर बसला. ती धाप काही केल्या कमी होईना.

येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या सुमारास नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप गेलीय, ऑपरेशन लागेल. जुन्या कंपनीनं सांगितलं, आता नवीन गिऱ्हाईक म्हणून या, आणि असलेल्या आजाराला काही वर्षं काही मिळणार नाही. रेशनकार्डावरची दुसरी योजना होती, पण त्याच्या कार्डाचा बारा अंकी नंबरच ऑनलाइन पडला नव्हता. तहसीलला चार चकरा झाल्या. एकदा साहेब नाहीत, एकदा सर्व्हर बंद... मुलगा म्हणाला, कर्ज काढतो. मीही म्हणालो, माझ्याकडून घे. उत्तम म्हणाला, "अरे, पाच महिन्यांचा तर सवाल हाय. पोराच्या गळ्यात कशाला बांधायचं? थांबतो जूनपर्यंत." मी दोन दिवस वाद घातला. तिसऱ्या दिवशी मात्र म्हणून गेलो, बरं, थांबू. मी दमलो होतो, खिडक्यांना, झेरॉक्सला, ‘पुढच्या सोमवारी या’ या उत्तराला. पॉलिसी सोड म्हणालो ते अज्ञानापोटी. पण हे दुसरं मी सगळं कळत असताना म्हणालो, आणि तेच मला खातंय.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मंडळी पांगली, तेव्हा मी वहिनींजवळ बसून हे सगळं बोललो. त्या भांडी आवरत होत्या. म्हणाल्या, "तुमी म्हणाला नसता तरी त्यांनी पॉलिसी सोडलीच असती. हप्ता झेपत नव्हता." मग हातातलं पातेलं ठेवून म्हणाल्या, "पर जूनपर्यंत थांबा म्हणायला नको हुतं भाऊजी." माझ्यासाठी चहा ठेवला, मी तो घेतला.

जूनच्या दोन तारखेला सेंटरवरच्या त्या बाईंचा मला फोन आला. "काका, गुरुजींचा फोन लागंना. त्यांना म्हणावं या, आता कार्ड निघतंय. मी कॅलेंडरवर त्यांचं नाव लिहून ठेवलं हुतं." आवाजात इतका आनंद होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "सांगतो." त्यानंतर त्यांचा दोनदा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. बाजारात जायचं तरी आता मागच्या रस्त्यानं जातो. बाई, हे तुमच्या वाचनात आलं, तर कॅलेंडरवरचं ते नाव खोडून टाका. मला तोंडानं सांगणं जमलं नाही.