पानठेल्याच्या फळीवरचे एक्केचाळीस गोल

एवढी वर्षं मी फुटबॉल खेळले आणि एकही गोल मारला नाही, हे आधीच सांगून टाकते. मागून कोणी उकरून काढलं तर पुन्हा माझीच शोभा. आणि फुटबॉल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतो तो नव्हे, माझा ऑस्ट्रेलियन. चेंडू लांबोळका, पपईसारखा. हाताने धरायचा, पायाने हाणायचा. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू पार झाला की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर बिचारा एकच गुण. मी उभी राहायची आमच्या खांबांपुढे, सगळ्यात मागे. समोरच्या बाईला गोल मारू द्यायचा नाही, एवढंच माझं काम.

माझ्या गावी, सानगडीच्या शाळेत मी कबड्डीत कोपरा धरायची, घोटा पकडला की सोडत नव्हते. भंडाऱ्याला कॉलेजात गेले तर आमच्या खेळाच्या सरांनी कुठून तरी हा लांबोळका चेंडू आणलेला. म्हणाले, नवीन खेळ आहे, खेळणारे कमी आहेत, राज्याच्या संघात लवकर नंबर लागेल. एवढा प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिला नाही. सराव कारध्याकडच्या नदीच्या वाळूत. चार बांबू रोवले की येणारे-जाणारे थांबायचे आणि विचारायचे, मांडव कोणाचा? एकदा मी वैतागून सांगून टाकलं, आमच्या सरांचं लग्न आहे. दोन पोरांच्या त्या बापाला कारध्यातली माणसं पंधरा दिवस हात धरून शुभेच्छा देत होती. सरांनी मला वाळूत दहा फेऱ्या मारायला लावल्या, त्या मी हसत हसत मारल्या.

राज्याकडून पहिली मॅच खेळले त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. हॅलो नाही, जेवली का नाही, सरळ विचारलं, किती मारले? मी खरं तेच सांगितलं, की बाबा, मी मागे असते, मी मारत नाही. बाबा हळूच म्हणाले, "मागं काहून ठेवते तुले? खेळता नाही येत का?" त्यांचा आवाज पार पडलेला. पुढच्या मॅचनंतर फोन आला तेव्हा मी म्हटलं, दोन.

इथून माझी खरी कारकीर्द सुरू झाली.

बाबा धानाचे शेतकरी, पण त्यांची बैठक बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर. ठेलेवाला त्यांचा शाळेतला सोबती. दोघांनी मिळून ठेल्याच्या आतल्या लाकडी फळीवर माझे गोल मांडायला सुरुवात केली. बोटाला चुना लावायचा आणि एका गोलामागे एक रेघ ओढायची. खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, घ्यायला येणारा प्रत्येक माणूस आधी फळी बघायचा, मग सुपारी सांगायचा. आई एकटी माझ्याकडे तिरपी बघायची. सुटीत घरी गेले की भाकरी थापता थापता म्हणायची, खोट्याच्या कपाळी गोटा. मी म्हणायची, कोण खोटं बोलतंय? ती म्हणायची, मी म्हण सांगून राहिली, तुले कायले टोचली?

मग एक हंगाम मी थेट ऑस्ट्रेलियात खेळले. गाव छोटंसं, आपल्या सानगडीपेक्षाही लहान, पण मैदान असं की आमची सगळी बांधी, धानाचं खाचर न् खाचर, त्यात मावेल. तिथल्या क्लबने मॅचमागे थोडे पैसे दिले, म्हणून मी व्यावसायिक खेळाडू. तिथे माझं नाव झालं ते दांडग्या बायकांच्या हातातून चेंडू उडवण्यात. त्या डोक्यावर चेंडू झेलायला उड्या मारायच्या, आणि मी मागून येऊन मूठ घालायची. एकदा एकीने मला इतकं ढकललं की दात हलला. त्या दिवशी मी बाबांना चार गोल सांगितले. दुखत होतं, म्हणून दोन जास्तीचे लावले.

अंतर वाढलं तशी माझी जीभही सैल झाली. परत आले तेव्हा फळीवर एक्केचाळीस रेघा होत्या, आणि ठेलेवाला दुसरी फळी बसवण्याच्या विचारात होता.

आणि मग राज्यांची स्पर्धा नागपूरला ठेवली.

बाबांनी फोनवर सांगितलं, जीप केली, आठ जण येऊन राहिलो, ठेला एक दिवस बंद. रात्रभर मला ती फळी दिसत होती. मला माझी काळजी नव्हती, मी काय, नागपूरहून कुठेही पळाले असते. पण बाबांना तर रोज त्याच ठेल्यावर बसायचं होतं. आयुष्यभर त्यांना कोणी वा म्हटलं नव्हतं, ते माझ्या थापांवर म्हणत होते. सकाळी प्रशिक्षकांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हटलं, दहा मिनिटं पुढे खेळवा, एक गोल मारू द्या. ते म्हणाले, तू पुढे गेलीस तर मागे काय तुझा काका उभा राहणार?

मॅच सुरू झाली. सानगडीची मंडळी सावलीत बसली, पण बाबा प्लॅस्टिकची खुर्ची उचलून थेट माझ्या खांबांमागे. "मार वं, मार गोल!" म्हणून ओरडत. या खेळात चार डाव, आणि प्रत्येक डावाला बाजू बदलतात. आम्ही टोक बदललं की बाबा डोक्यावर खुर्ची घेऊन मैदानाला अर्धी फेरी मारून पुन्हा माझ्या मागे हजर. खांबांशी पांढरा कोट घातलेला गोल-पंच उभा असतो, त्याने कोणाशी बोलायचं नसतं. बाबांनी त्याला खर्रा देऊ केला. त्याने मान हलवली. तिसऱ्या डावात मी ऐकलं, बाबा त्याला कळवळून विचारत होते, "साहेब, हे पोट्टी इथंच काहून उभी हाय? तिले शिक्षा केली का?"

डाव संपला आणि पंचाचं तोंड मोकळं झालं. मी पाणी पिता पिता लांबून बघत होते. तो हातवारे करून समजावतोय, खांब दाखवतोय, मला दाखवतोय. बाबा आधी मान हलवत होते, मग हलवायचे थांबले.

चौथ्या डावात मी दुसऱ्या टोकाला गेले आणि मागे वळून पाहिलं. खुर्ची आली नव्हती. बाबा तिथेच, आता माझ्या नसलेल्या खांबांमागे, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. मी पुढच्या पाच मिनिटांत तीन चुका केल्या. एक गोल तर माझ्या बगलेखालून गेला. प्रशिक्षक ओरडत होते, ते ऐकू येत होतं, पण कानात शिरत नव्हतं. जिंकायचं वगैरे डोक्यात नव्हतंच. मनात एकच, आता हा माणूस सानगडीत तोंड कसं दाखवणार.

शेवटचं मिनिट राहिलं. आम्ही तीन गुणांनी पुढे. त्यांच्या उंच मुलीने चेंडू झेलला आणि पळत येऊन लाथ घातली. सरळ मधल्या खांबांकडे. सहा गुण गेले तर मॅच गेली. आणि माझ्या अगदी पाठीमागून धापा टाकणारा आवाज आला.

"अडव, माय! अडव!"

खुर्ची न घेताच आले होते. मी मागे पाहिलं नाही. उडी मारली, आणि मधल्या बोटाच्या टोकाला चामडं लागल्यासारखं वाटलं. चेंडू गेला मधूनच, पण बचाववाल्याचा हात लागला की गोल धरत नाहीत, एकच गुण देतात. पंचाने एक बोट दाखवलं. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. सावलीतली मंडळी नाचत होती, सानगडीच्या पोरीने शेवटचा गोल मारला म्हणून.

जीपमध्ये ठेलेवाल्याने फळीवर बेचाळिसावी रेघ मारणार असं जाहीर केलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, ते गप्प बसून माझी लाज राखणार. शहापूर मागे पडलं, साकोली आली, तरी त्यांनी त्या रेघेला हो-नाही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन ठेल्यावर गेले. सगळे होतेच. बाबांनी फडकं ओलं केलं आणि एका टोकापासून फळी पुसायला लागले. ठेलेवाला हात धरायला धावला, तर म्हणाले, "माह्या पोट्टीनं एकही गोल नाही मारला. मले खोटं सांगितलं, मी तुमाले सांगितलं. काल बी गोल त्याईचा होता, हिनं बोट लावलं म्हणून त्याईले एकच गुण भेटला." मला जमिनीत जावंसं वाटलं. कोणी तरी विचारलंच, मग काल एका गुणाला आपण नाचलो कायले? तो तर त्यांचाच होता. बाबा म्हणाले, "बांधीत पाणी चढलं का धुऱ्याले जरासं तोंड करून देतो का नाही आपण? चार घमेली जाते, धुरा वाचते. तेच केलं तिनं." धान पिकवणारी माणसं सगळी, धुरा म्हणजे बांध फुटला की काय होतं ते जाणणारी. कोणी हसलं नाही. बाबांनी बोटाला चुना लावला आणि पुसलेल्या फळीवर एकच रेघ ओढली.

मी रडले, हे लपवत नाही. आई घरी म्हणाली, लागला का गोटा?

अजूनही मी खेळते, गुडघे कुरकुरतात तरी. मॅच संपली की फोन येतो. हॅलो नाही, जेवली का नाही. किती अडवले? मी म्हणते, पाच. मग बाबा घसा साफ करतात आणि म्हणतात, "त्या पांढऱ्या कोटवाल्याचा नंबर पाठव. मी इचारून घेतो, मंग रेघ मारतो."