धोंड्याच्या जेवणाला निघालेली पिकअप

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागं एकाला हा किस्सा सांगितला तर त्याच्या नाकातून चहा आलता, आन् त्याची बायको अजून माझ्याशी बोलत न्हाई. येडेपणा सगळा माझा हाय, तवा मला खुशाल हसा. फक्त गाडीला हसू नका. तिची काहीच चूक नव्हती.

गाडी म्हणजे माझ्या सासऱ्याची जुनी पिकअप. फोर-व्हील! इंजिनाचा जोर मागच्याच न्हाई, पुढच्या चाकांना बी जातो. आन् सासरे म्हणजे माझे सख्खे मामा. बायको सुरेखा मामाचीच पोरगी. त्याच्यामुळं जावई म्हणून जो मान असतो ना, तो माझ्या वाट्याला कधी आलाच न्हाई. ज्या माणसानं लहानपणी तुमचं नाक पुसलंय, तो तुमाला जावईबापू कसा म्हणंल? मामा मला "येड्या" म्हणतात. लग्नात मंगलाष्टका चालू असताना बी मांडवातून आवाज आलता, "येड्या, टोपी सरळ कर!"

मामाची वस्ती दिंद्रुडपासून आत, काळ्या रानात. तिथं लिंबाखाली ही पिकअप सात-आठ वर्षं उभी व्हती. ड्रायव्हरच्या शिटावर कोंबड्या अंडी घालायच्या. शेवटी मामानं भंगारवाल्याला सांगून टाकलं, घेऊन जा बाबा एकदाची.

हे कळलं आन् मी तसाच मामाकडं पळालो. कावून? तलवाड्याला माझी रोपांची नर्सरी हाय. मिरची, टमाटे, वांगी. लोकांना रोपं लागतात ऐन पावसात, आन् ऐन पावसात एक टेम्पोवाला डांबरी सोडून खाली उतरंल तर शपथ! आपली काळी माती तुमाला म्हाईतच हाय. ओली झाली का चप्पल ठेवून घेती. रोपं रस्त्याच्या कडंला माना टाकायची आन् गिऱ्हाईक दुसरीकडं जायचं. फोर-व्हील हाताशी असली तर? थेट बांधावर रोपं! लई दिवसाचं सपान व्हतं ते माझं.

मी मामाला म्हणलो, "गाडी मला द्या. मी नीट करतो."

"तू? तुझ्याच्यानं सायकलची चैन बसत न्हाई, येड्या."

"करून दाखवतो!"

मामानं दाढी खाजवली. "बरं. आता धोंड्याचा महिना येतोय. जेवायला याच गाडीत ये. डांबरीवरनं पाणंदीत घाल आन् माझ्या दारात आणून लाव. आली तर तुझी. न्हाई आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला. त्याला मी जबान दिलीय."

झालं! गाडी ओढत माजलगावला नेली, रफिकभाई मिस्त्रीकडं. त्यांनी इंजिन खोललं, ब्रेक बदलले, उंदरांनी खाल्लेली वायरिंग सगळी नवीन टाकली. म्हणजे काम खरं त्यांनी केलं. मी काय केलं? मी मॉडिफाय केलं! मोबाईलवर व्हिडिओ बघू बघू मला लई ग्यान आलतं. पुढं दोन माणसांना उचलणार न्हाई असला लोखंडी बंपर. टपावर सहा लाईटी. तीन सुराचा हॉर्न. मागं स्पीकर एवढा मोठा, का गाणं लावलं की माझीच टोपी हलायची.

राहिली पुढची चाकं. टायर नवे कोरे, पन दोन्ही चाकांच्या मधोमध एक-एक गंजकी चकती, मुठीएवढी, वर खाच, पुसट इंग्रजी अक्षरं. नव्या नवरीच्या कपाळाला डांबराची टिकली लावल्यावानी दिसायलं ते! मला काही राहवंना. घरी जाऊन सुरेखाच्या मांडणीवरल्या दोन स्टीलच्या वाट्या उचलल्या. माप तर असं बरोबर, का जणू त्याच्यासाठीच घडवल्या! चिकटवायचं सील लावलं आन् चकत्यांवर पालथ्या ठोकून बसवल्या.

रफिकभाई फोनवर म्हणले बी व्हते, "चिखल में डालने के पहले एक बार मेरे पास आके जाव. एक बात बतानी है."

"येतो, येतो," म्हणलो. कोण जातंय? मिस्त्री काय सांगणार? सावकाश चालवा म्हणणार.

आता धोंड्याचं जेवण म्हणजे काय ते सांगतो. तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो, आन् त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू! पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे, तेहेतीस अनारसे, आहेर. आमच्या मामीनं, म्हणजे सासूबाईनं, मामाला आठ दिवस आधीच दम दिलता, "जेवण हुईपस्तोर येड्या म्हणायचं न्हाई. उलटं बोलायचं न्हाई. देव हाय त्यो त्या दिवशी." तीन वर्षांतून एक दिवस मिळतो हो आमाला देव व्हायला. मी बी कसा सोडीन?

त्या दिवशी पाऊस उघडलता, पन पाणंदीचा पार राबडा झालता. सुरेखा नव्या साडीत शेजारी. मी पाणंदीच्या तोंडाला हॉर्न वाजवला, तिन्ही सूर. तिकडं वस्तीवर सगळी माणसं दारात येऊन उभी. मी ऐटीत फोर-व्हीलचा दांडा ओढला आन् गाडी घातली चिखलात.

शंभर पावलं गेली. मग मागं सरकली. मग तिथंच. मागची चाकं अशी फिरायलीत, का चिखल बांधावरल्या लिंबाच्या शेंड्याला! पुढची चाकं काय करायलीत हे मला आतून दिसतंय कुठं?

मामा बांधावरून चालत आले. हात जोडले. "जावईबापू, जरा खाली उतरता का?"

मला ठसकाच लागला. उतरता का! म्हणजे डाव तर बघा! मी उतरलो, चालत घरी गेलो, का गाडी हारली. सकाळी भंगारवाला हजर.

"न्हाई मामा! गाडी दारात लागल्याशिवाय माझा पाय आज जमिनीला लागणार न्हाई!"

मामानं तोंड उघडलं. मागून मामीनं डोळे वटारले. मामानं तोंड मिटलं. "बरं. जशी आपली मर्जी."

मी आजून रेस दिली. गाडी आजून खाली. वस्तीवरले धा-बारा जण धक्का मारायला लागले. सगळे डोक्यापासून पायापर्यंत काळे, फक्त डोळे दिसायलेत.

मामा परत आले. "जावईबापू, पुढलं चाक तेवढं उतरून बघितलं असतं तर..."

"चाकाला काय झालंय? टायर बघा ना मामा, टायर!"

"टायर लई झ्याक हाय," मामा दात खाऊन म्हणले.

सुरेखानं मला कोपर मारलं. "अहो, उतरा की. बाबा काय म्हणतेत ते ऐका तर खरं."

"तू गप. तुझ्या बापाला गाडी भंगारात घालायचीय."

इकडं जेवायची येळ टळायला लागली. मामी म्हणली, देव उपाशी ठेवता येत न्हाई. मग काय झालं असंल? वस्तीवरून सगळी वरात निघाली, ताट, तांब्या, ताम्हण, समई! मी शिटावर, पाय दाराबाहेर लोंबते. मामीनं गुडघाभर चिखलात उभं राहून माझे पाय धुतले. ओवाळलं. ताट मांडीवर दिलं. तुमी म्हणाल, लाज वाटली न्हाई का? अहो, धोंड्यावर तूप व्हतं!

पन खरं सांगू का? तोंडात अनारसा व्हता आन् आतून मी रडकुंडीला आलतो. डोळ्यापुढं सारखी मिरचीची रोपं यायची, रस्त्याच्या कडंला सुकायलेली. एवढे महिने राबलो आन् दार दिसतंय तिथं गाडी रुतली. 

कसंबसं ताट संपवलं. चूळ भरली. मामीनं विडा दिला.

मामा मामीकडं बघून म्हणले, "झालं का?"

"झालं."

"उठला का देव?"

"उठला."

मामानं धोतर गुडघ्यावर खोवलं आन् असा आवाज काढला, का लिंबावरले कावळे उडाले.

"उतर खाली, येड्या!!"

माझ्या डोक्याच्या आधी पायांनी ऐकलं. लहानपणीची सवय हो! थेट चिखलात मांडीपर्यंत. मामानं कमरेचं खुरपं काढलं, पुढच्या चाकाशी वाकले आन् माझी चमचमती वाटी एका झटक्यात उचकटली. धोतराला पुसली. मागच्या बाजूला नाव कोरलेलं व्हतं, ते सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं, "सुरेखाच्या लग्नात वडिलांकडून सप्रेम भेट."

मग त्या गंजक्या चकतीला धरून फिरवलं. टक्.

"ही फिरवल्याबिगर पुढच्या चाकाला जोरच जात न्हाई. आत दांडा ओढायचा आन् खाली उतरून ह्ये फिरवायचं. दोन्ही बाजूनं. दुपारपासून काय सांगायलो मी? खाली उतरा, खाली उतरा! पन विष्णूला सांगणार कोण?"

दुसरी वाटी निघाली. टक्. मी निमूट वर चढलो, हळूच रेस दिली, आन् गाडी निघाली की हो! कुणाचा धक्का नको, काही नको. म्हातारी म्हैस पाण्यातून उठावी तशी उठली आन् थेट दारात जाऊन उभी. मला रडूच आलं. मामा बॉनेटवर हात फिरवत किती येळ उभे व्हते. मग एवढंच म्हणले, "आली. तुझी झाली."

आता दर पावसाळ्यात बांधा-बांधावर माझी रोपं पोचतात. सुरेखा शेजारी बसती, आन् चिखल दिसला का मी सांगायच्या आधी तीच खाली उतरून चकत्या फिरवती. वाट्या तिनं कपाटात कुलपात ठेवल्यात.

पन भंगारवाल्याचं राहिलंच. त्यो ठरल्यापरमानं दुसऱ्या दिवशी सकाळी आला. जबान म्हणजे जबान. मामानं बंपर सोडवला, सहा लाईटी काढल्या, हॉर्न, स्पीकर, सगळं त्याच्या गाड्यावर टाकलं. "चिखलाच्या गाडीला एवढं वजन झेपत न्हाई," म्हणले.

माझे कपडे वाळत व्हते. मी मामाची जुनी बंडी आन् आखूड धोतर नेसून गाडीला टेकून उभा. भंगारवाल्यानं दोरी आवळली आन् मामाला विचारलं, "आजून काही जुनंपानं हाय का, नाना?"

मामानं मला खालून वरपर्यंत बघितलं.

"एक हाय. पन राहू दे. धक्का मारला का चालतंय."