पंचावन्न मिनिटांचा केक

“घड्याळ काढलंत ते काढलंत, तोंडाने सांगायला काय झालं होतं?”

“तेल द्यायला काढलं. खिळा रिकामा दिसायला नको म्हणून दुसरं लावलं,” डोळ्यावरचं भिंग न काढता नवरा म्हणाला.

“खिळ्याची बरी काळजी तुम्हाला.”

तो घड्याळं दुरुस्त करतो. घरभर गिऱ्हाइकांची अकरा घड्याळं चालून बघायला टांगलेली, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. खरी वेळ फक्त स्वयंपाकघराच्या दारावरच्या पितळी घड्याळात. बाकीच्यांकडे बघायचंच नाही, हे लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिला बजावलं होतं आणि तेवीस वर्षं तिने ते पाळलं होतं. आज त्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटांनी तिने साचा ओव्हनमध्ये सरकवला. गच्चीवर कपडे वाळत घालून आली, त्याच खिळ्यावर अकरा वाजलेले पाहिले आणि केक बाहेर काढला. हे घड्याळही पितळीच, गोल, पण पंचवीस मिनिटं पुढे.

केकचा रंग फिका होता, ते तिला दिसलं होतं. विणायची सुई खुपसून पाहिली तर ती ओली, जांभळी निघाली. केकमधली एखादी बेरी टोचली असेल, असं तिने स्वतःला समजावलं. वेळ झाली होती ना. मग तिने गरम केकवर संत्र्याच्या रसाचा पाक ओतला, आणि पाक प्यायलेला केक काही पुन्हा ओव्हनमध्ये घालता येत नाही. कापला तर मधोमध नुसतं पीठ.

“वहिनी, चमचे आणू का?” धाकट्या दिराने विचारलं.

“आणा. आणि तुम्हीच संपवा, भाऊजी.”

चार वाजता चौकातल्या चहाघराची मालकीण तिचा केक चाखणार होती. आवडला तर रोजचे केक हिच्याकडे. बाईंनी दोन्ही सोयी सांगितल्या होत्या: घरी करून पाठवा, नाहीतर सकाळी येऊन आमच्या ओव्हनमध्ये करा. घरीच करीन, असं ही लगेच बोलून गेली होती. घरच्यांना बरं पडेल म्हणून. शिवणकाम झालं, शिकवण्या झाल्या, शेजारची मुलं सांभाळून झाली; सगळं याच घरात, हाकांना ओ देत देत. वर्षभर काही टिकलं नाही. हेही गेलं, तर या वयात पुढे कोण विचारणार होतं?

बारा वाजता तिने पुन्हा साखर मोजली. संत्रं एकच उरलं होतं, आणि ते दिराच्या हातात होतं.

“ते सोलू नका. मला सालही हवीय.”

साल किसून तिने साखरेत इतकी चोळली की बोटं पिवळी झाली. लोणी, अंडी, ओलाव्यासाठी वाटीभर दही. बेरी तळाशी बसू नयेत म्हणून कोरड्या पिठात घोळवल्या. साचा आत गेला आणि ती ओव्हनपासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालू लागली. खुर्ची होती, पण बसवेना.

“मोबाइलमध्ये बघायचं ना वेळ,” नवरा दारात येऊन म्हणाला.

“आता तेच करतेय.”

“किती राहिलं?”

“बत्तीस मिनिटं.”

पाच मिनिटांनी तो परत आला. “किती राहिलं?”

तिने मोबाइल त्याच्यासमोर धरला. तेवढ्यात सासूबाई आल्या आणि सरळ ओव्हनच्या मुठीला हात घातला.

“आई, उघडू नका.”

“अगं, फुगलाय का तेवढं बघते.”

“बसेल तो. हात काढा.”

सासूबाईंनी हात काढला. “आमच्याच घरात आम्हाला बघायचीसुद्धा चोरी,” असं भिंतीला ऐकवून त्या बाहेर गेल्या. बाहेर कुठलंतरी घड्याळ सहाचे ठोके देत होतं.

केक नीट झाला. वरून तपकिरी, मधोमध तडा गेलेला. सुईला जांभळा डाग होता, पीठ नव्हतं. पाक मुरेपर्यंत ती त्याच्याजवळून हलली नाही. मग कागदात गुंडाळून डबा पिशवीत ठेवला, चपला घातल्या आणि बाहेरच्या खोलीत आली. तिघंही तिथेच होती.

“मी घरून केक पाठवणार नाहीये,” ती म्हणाली. “बाईंना पसंत पडला तर सोमवारपासून मी सकाळी सहाला तिकडे जाणार, दोनला परत येणार. दुपारचा स्वयंपाक तुम्ही तिघांनी बघायचा.”