मामांना हत्ती दिसला होता का?

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा आई पोह्यांसाठी कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "शेवटपर्यंत कबूल केलं न्हाई बघ त्यानं..." रडता रडता मला हसू फुटलं.

वाटूरच्या आमच्या मामांनी गावातल्या पोरांना बुद्धिबळ शिकवलं. त्यांची लेक सुषमा आणि मी, दोघी त्यांच्याच हाताखाली तयार झालो. जालन्याला चौदा वर्षांखालच्या जिल्हा स्पर्धेत शेवटच्या फेरीत नेमक्या आम्हीच समोरासमोर आलो. जिंकेल ती राज्य स्पर्धेला जाणार. "आज मी कोणाचाच न्हाई," म्हणत मामा दारात जाऊन उभे राहिले. शेजारी आई.

डाव माझ्याकडे झुकला होता. घाबरलेल्या सुषमानं राजा उचलला, परत ठेवला आणि घोड्याकडे हात नेला. मी पाणी पीत होते, पंच दुसऱ्या पटाजवळ होते. तेवढ्यात दारातून मामा ओरडले, "सुषमे, राजाला हात लागलाय! आता राजाच हलवावा लागंल!"

पंच धावत आले. "तुम्ही कोण?"

"हिचा बाप."

"मंग गप्प बसा की!" म्हणत त्यांनी मामांना बाहेर काढलं. सुषमानं डोळे पुसत राजा एक घर बाजूला सरकवला... आणि त्याच्यामागे अडकलेल्या तिच्या हत्तीची वाट मोकळी झाली. माझ्या राजाला थेट शह! पुढच्या दोन चालींत माझ्यावर मात झाली.

बाहेर आईनं मामांना गाठलं. "लेकीला चाल सांगितलीस, दादा!"

"अगं, मी तर तिचीच चूक दाखवाया गेल्तो! मला तो हत्ती दिसलाच न्हाई!"

"गावाला शिकवून राह्यलास, अन् हत्ती दिसला न्हाई?"

आता लबाड ठरायचं की अडाणी, एवढंच मामांच्या हातात उरलं होतं. त्यांनी अडाणीपण पत्करलं. मी वाटूर येईपर्यंत रडले. सुषमा मात्र "मला दिसला होता" असं सांगत राहिली, पण तिच्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. पुढं दर भाऊबीजेला आई ओवाळताना विचारायची, "खरं सांग, दिसला होता ना?" मामा मान हलवायचे, "बिलकुल न्हाई."

त्या दिवसापासून समोर डाव सुरू झाला की मामा पाठ फिरवून बसायचे. "तोंड माझ्या ताब्यात न्हाई," म्हणायचे. घरी पोरं खेळायला आली तरी त्यांची खुर्ची भिंतीकडे.

मामांच्या माघारी, मागच्या आठवड्यात आम्ही वाटूरला गेलो. सुषमानं पट मांडले होते, पोरं खेळत होती. खुर्ची तशीच, भिंतीकडे तोंड करून. आई त्या खुर्चीवर जाऊन बसली. मागून कोणीतरी जोरात "शह!" म्हणालं... आईनं वळून पाहिलं नाही.